अंगारा कपाळी, पोटात नको

हदगावकडचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी नांदेडला येतात, तेव्हा पिशवीत बहुधा माहूरच्या रेणुकामातेचा अंगारा असतो. भूलतज्ज्ञ म्हणून मी एवढंच सांगतो : कपाळी लावा, पोटात नको. भूल उपाशीपोटी द्यायची, ती पोटातलं फुप्फुसात जाऊ नये म्हणून. तुळशीची माळ थिएटरच्या दारापर्यंत गळ्यात राहू द्या. मग घरच्यांच्या हाती.

बोस्टनमध्ये १९६३ साली डॉ. एगबर्ट यांनी दाखवलं, की आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटून बोलला, तर गुंगीच्या औषधाहून रुग्ण शांत राहतो. आमच्याकडे त्या बोलण्यात देव येतोच. एका आजींनी विचारलं, "सुई टोचताना नाव घेऊ का?" म्हटलं, "मोठ्यानं घ्या, आजी." मास्क लावल्यावरही त्यांचे ओठ हलत होते.