शेजारी बसायला कुणीतरी हवं

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आरोग्याच्या सत्रात झालेलं हे भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून इथे छापत आहोत. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)



मी याच तालुक्यातली लेक. नर्सिंग शिकले, नोकरीसाठी इंग्लंडला गेले आणि रिटायर झाल्यावर नवऱ्यासोबत फ्रान्समधल्या एका खेड्यात राहिले. तिथे सहा वर्षं मी कॅन्सर झालेल्या माणसांना सोबत करायचं काम केलं. बिनपगारी. अध्यक्षाताई म्हणाल्या, त्या कामाबद्दल बोल. मी लगेच हो म्हटलं, त्याला कारण आहे. ते शेवटी सांगते.

आधी ती माणसं कोण, ते ऐका. इंग्लंडमधले हजारो लोक फ्रान्सच्या खेड्यांत जाऊन राहिलेत. बरेचसे पेन्शनर. जुनं दगडी घर घ्यायचं, थोडी बाग, दोन कोंबड्या. गाव लहान, एसटीसारखी बस दिवसातून एखादी, नाहीतर तीही नाही. बाजारात पाव-भाजी घेण्यापुरती फ्रेंच भाषा येते. तेवढ्यावर वर्षानुवर्षं निभतं. आणि मग एक दिवस डॉक्टर समोर बसवून सांगतो, कॅन्सर आहे.

तिकडे उपचाराची सोय चांगली आहे, ते खोटं नाही सांगणार. सरकारी आरोग्य विम्यात असलेल्या माणसाला कॅन्सर झाला तर तो दीर्घ आजारांच्या यादीत जातो आणि त्या आजाराचा उपचार ठरलेल्या सरकारी दराने शंभर टक्के मिळतो. डॉक्टरने लिहून दिलं तर दवाखान्यात न्यायला टॅक्सीसुद्धा मिळते. नर्स घरी येऊन इंजेक्शन देते, ड्रेसिंग बदलते.

मग अडतं कुठे? भाषेत अडतं. पत्रं फ्रेंचमध्ये, फॉर्म फ्रेंचमध्ये, फोन लावला तर पलीकडून भराभर फ्रेंच. आणि मी एक गोष्ट पाहिली. ज्यांना फ्रेंच चांगली यायची, तीही माणसं आजारपणात ती भाषा विसरून जायची. नवल नाही. मी परदेशात तीस वर्षांहून जास्त काढली, पण ताप आला की तोंडातून ‘आई गं’च येतं.

म्हणून तिथल्याच लोकांनी संस्था काढल्या. ‘कॅन्सर सपोर्ट फ्रान्स’ ही त्यातली माहितीतली. तिच्या वेगवेगळ्या भागांत शाखा आहेत आणि सगळा भार स्वयंसेवकांवर. आमची संस्थाही तशीच, पण छोटी. फ्रान्समध्ये 1901 सालचा एक कायदा आहे. दोन माणसं एकत्र आली तरी त्या कायद्याने संस्था काढता येते. आमच्याकडे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वर्षाची सर्वसाधारण सभा, हिशोबाचं वाचन, सगळं होतं. पहिल्या सभेला बसले तेव्हा मला माझ्या आईचा बचत गटच आठवला. खजिनदार बाई चहाच्या पैशाचासुद्धा हिशोब मागायची!

पैसा कसा जमायचा? कुणी केक करून आणायचं, कुणी बागेतली रोपं, कुणी वाचून झालेली पुस्तकं. सकाळी चहा-कॉफीला लोकांना बोलवायचं आणि ते सगळं विकायचं. त्यातून फोनचा खर्च, पेट्रोल आणि नव्या स्वयंसेविकांचं प्रशिक्षण.

प्रशिक्षण म्हटल्यावर मी मनात हसले होते. म्हटलं, मी नर्स, मला काय शिकवणार! तर शिकवलं काय, गप्प बसायला. समोरची बोलत असताना मध्ये तोडायचं नाही. ‘माझ्या जावेलाही असंच झालं होतं’ हे सांगायचं नाही. कुठलं औषध घे, कुठलं सोड, हे आपण बोलायचं नाही, ते डॉक्टरचं काम. आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही.

एवढं शिकूनही मी चुकले. माझ्याकडे पहिली बाई आली ती सत्तरीतली. नवरा वारलेला. गाडी तो चालवायचा, फ्रेंच तोच बोलायचा. तो गेल्यावर ती एका कुत्र्यासोबत त्या घरात एकटी राहिली. दवाखान्याची पत्रं तिने पावाच्या डब्यात ठेवली होती, न फोडलेली. म्हणाली, डब्यात असली की दिसत नाहीत. मी ती एकेक फोडून वाचली, तारखा कॅलेंडरवर लिहिल्या, टॅक्सीची व्यवस्था लावली. मला वाटलं, झालं काम. निघताना तिने हळूच विचारलं, ‘मी यातून उठेन का?’ आणि मी पटकन म्हटलं, ‘अहो, काही होत नाही. सगळं नीट होईल.’

तीन आठवडे तिने माझा फोन घेतला नाही. मी आमच्या प्रमुख बाईंकडे गेले. म्हटलं, मी तर तिला धीरच दिला. त्या म्हणाल्या, ‘तू तिला धीर दिला नाहीस. तुला भीती वाटली म्हणून तू विषय बंद केलास.’ मला फार लागलं ते. पण खरं होतं.

पुन्हा गेले. या वेळी काही बोलले नाही. ती कुत्र्याबद्दल बोलत राहिली, अर्धा तास. मग रडली. मग म्हणाली, ‘मी गेले तर याला कोण सांभाळेल?’ तिची भीती ही होती! आणि मी तिला नीट होईल म्हणून सांगून मोकळी झाले होते. आम्ही वही काढली. कुत्रा कुणाकडे जाईल, किल्ली कुणाकडे राहील, बहिणीला फोन कुणी करायचा, सगळं लिहून काढलं. त्या रात्री ती नीट झोपली, असं तिने मला नंतर सांगितलं. तिचा उपचार पूर्ण झाला. आता ती बहिणीजवळ असते.

सगळ्यांचं असं झालं नाही. काही माणसं गेली. एकीच्या उशाशी मी शेवटच्या दुपारी बसले होते, हात धरून. आपण काय करतो त्या वेळी? काहीच नाही. फक्त उठून जात नाही.

आणखी एक अडचण यायची, ती तुम्हाला कळेल. गाव लहान. माझी गाडी कुणाच्या दारात उभी दिसली की लोक ओळखायचे, या घरात कॅन्सर आहे. म्हणून मी गाडी चर्चजवळ लावायची आणि चालत जायची. आमच्या महिन्याच्या बैठकीत आम्ही स्वयंसेविका आपापलं मन हलकं करायचो, पण रुग्णाचं नाव, गाव काही घ्यायचं नाही. दुसऱ्याचं दुःख रोज ऐकणाऱ्या बाईलाही ते कुठेतरी उतरवावं लागतं, नाहीतर तीच आजारी पडते.

आता कारण सांगते.

माझी सख्खी काकू याच तालुक्यातली, बचत गटाची सभासद. तिच्या छातीत गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तिने कुणाला दाखवली नाही. नंतर वाढली, तेव्हा लाज वाटली म्हणून दाखवली नाही. मुलीचं लग्न ठरायचं होतं, लोक काय म्हणतील म्हणून सांगितली नाही. वर्षभर ती दर आठवड्याला मीटिंगला आली. सतरंजीवर दहा जणींच्या मध्ये बसली, बचत भरली, सही केली, घरी गेली. कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. फोनवर ती मला म्हणाली, ‘तू इथे असतीस तर तुला सांगितलं असतं गं.’

मैत्रिणींनो, मी परमुलखात अनोळखी बायकांच्या शेजारी बसत होते आणि माझी काकू आपल्या माणसांत, आपल्या भाषेत, एकटी होती. त्या बायकांना शब्द येत नव्हते. काकूला शब्द येत होते, पण ते कुणापुढे ठेवावेत असं माणूस तिला दिसलं नाही. मी तिच्या गटाला दोष देत नाही. मला स्वतःला तरी कुठे कळलं?

म्हणून माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक ग्रामसंघाने दोन बायका निवडाव्यात. फार शिकलेल्या नकोत, पोटात गोष्ट ठेवणाऱ्या हव्यात. गटात सांगून ठेवायचं, कुणाला काही शंका असेल तर यांच्याकडे या. त्या डॉक्टर नाहीत, सल्ला देणार नाहीत. ऐकतील आणि तपासणीला सोबत येतील, एवढंच.

तपासणी आपल्याकडे आहे. तिशीच्या पुढच्या बायकांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत मोफत होते. आपल्या उपकेंद्रात कुठल्या दिवशी असते ते आशाताईंना विचारा. छातीत गाठ, मग ती दुखत नसली तरी; पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं; तोंडातली दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा, यातलं काही दिसलं तर थांबू नका. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण ते डॉक्टरने ठरवायचं. आणि मिसरी लावणाऱ्या माझ्या बहिणींनो, रागावू नका, पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती सोडा.

मोठा उपचार लागला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मुंबईला टाटा हॉस्पिटलात जावं लागलं तर कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे रुग्ण आणि नातेवाईक राहतात. पण तिथे पोहोचेपर्यंतची पहिली पायरी आपल्याच गावात आहे. ‘मला इथे काहीतरी लागतंय, हात लावून बघतेस का?’ हे वाक्य बाईला कुणाजवळ तरी बोलता यायला हवं.

पुढच्या मीटिंगला सह्या झाल्या की लगेच उठू नका. पाच मिनिटं बसा. एकमेकींना विचारा, बरी आहेस ना? आणि ती ‘बरी आहे’ म्हणाली तरी थोडं थांबा.