व्यायाम आजी-आजोबांच्या ढंगानं

श्रोतेहो, मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत मराठी, गुजराती, तमिळ, मुस्लिम, ख्रिस्ती असे सगळेच ज्येष्ठ राहतात. ‘सकाळी सहाला ट्रॅकसूट घालून या’ अशी नोटीस लावली, तर येतात ते नेहमीचेच चार आजोबा!

व्यायाम मात्र सगळ्यांनाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे : पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि निदान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असं नाही. झेपेल तेवढा पिंगा, संथ लयीतला गरबा हेही चालतं. चीनमधल्या ‘ताई ची’ या व्यायामप्रकारानं तर ज्येष्ठांचं पडणं कमी होतं, असं अभ्यासांत दिसलंय. जपाननं १९२८ साली रेडिओवरून कवायत सुरू केली. आमच्या माध्यमाचं एवढं कौतुक चालवून घ्या.

काही आज्यांना फक्त बायकांची वेळ हवी असते, कुणाला नऊवारीत किंवा बुरख्यातच मोकळं वाटतं. याला हट्ट समजू नका. रोजा किंवा उपवास असेल आणि मधुमेहाची औषधं चालू असतील, तर व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनो, पुढची नोटीस लावण्याआधी या ज्येष्ठ मंडळींना त्यांची सोय एकदा विचारा.