दातांचा दवाखाना आणि आपली नजर
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



मी विज्ञान शिकविणारा मास्तर. वैद्यकी माझा विषय नव्हे. परंतु गेल्या वर्षी आपल्या ट्रस्टच्या दंत-दवाखान्याची पाहणी करण्याचे काम विश्वस्तांनी माझ्यावर व आणखी एका सभासदावर सोपविले. त्या कामात जे दिसले ते या मंगल प्रसंगी आपल्यापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

आधी एक घरची गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या अब्बांची दाढ फार दुखू लागली, म्हणून त्यांना मी एका धर्मार्थ शिबिरात नेले होते. त्यांच्या आधीच्या माणसाचा दात ज्या चिमट्याने काढला, तो चिमटा एका वाडग्यातल्या पाण्यात बुचकळून, फडक्याने पुसून पुन्हा हाती घेतलेला मी डोळ्यांनी पाहिला. मी बोललो नाही. फुकट मिळते आहे, त्यात खोड काय काढायची, असे मनात आले. पुढे अब्बांचा जबडा सुजला व पंधरा दिवस त्यांना धड जेवता आले नाही. ते त्या चिमट्यामुळेच झाले, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण मी गप्प बसलो एवढे मात्र खरे, आणि ते मला अजून बोचते.

दातांच्या दवाखान्यात एवढे काय घडणार, असे कोणी म्हणेल. त्यांनी तामिळनाडूतील वाणियंबाडीची हकीकत ऐकावी. २०२३ साली तेथे एका दंत-दवाखान्यात उपचार घेतलेली आठ माणसे मेंदूपर्यंत पोचलेल्या जंतुसंसर्गाने दगावली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या व इतर संशोधकांनी शोध घेतला; त्यांचा निबंध २०२५ साली प्रसिद्ध झाला. सलाइनची बाटली निर्जंतुक नसलेल्या हत्याराने उघडावयाची, सैल झाकून ठेवावयाची, आणि तेच पाणी पुढच्या रोग्याला वापरावयाचे, ही सवय तेथे आढळली. कोणाचा हेतू वाईट नव्हता. सवय वाईट होती.

आपल्या बऱ्हाणपुरास हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानांच्या काळात तबकुतुल अर्ज यांनी सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरात आणले. तो कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिला आहे. वरच्या एका कुंडीत घाण पडली की पुढच्या साऱ्या कुंड्यांचे पाणी बिघडते. दंतवैद्याच्या खुर्चीतही बारीक नळ्यांतून पाणी येते. ते रात्रभर साचून राहिले की नळीच्या आतल्या अंगाला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. म्हणून सकाळी, आणि दर रोग्यानंतर वीस-तीस सेकंद, पाणी वाहू द्यावे लागते.

आम्ही काय पाहिले ते आता सांगतो. प्रथम, डॉक्टरांच्या नोंदणीचा दाखला भिंतीवर आहे की नाही. दंतवैद्यांच्या नोंदणीची तरतूद १९४८ च्या कायद्यात होती. २०२३ साली त्याच्या जागी नवा राष्ट्रीय कायदा संसदेने मंजूर केला. १९२० साली कलकत्त्यास देशातले पहिले दंत महाविद्यालय काढणारे डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्यासारख्या माणसांनी या विद्येला शिस्त व प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या दाखल्यामागे ती पुण्याई आहे. दुसरे, कचरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात. या दोन्ही गोष्टी चोख होत्या.

तिसरी गोष्ट हत्यारांची. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. पंधरा पौंड दाबाखाली वाफ १२१ अंशांपर्यंत तापते, आणि तेथे निदान पंधरा मिनिटे हत्यारे राहिली तरच ती निर्जंतुक होतात. तापणे व वाळणे धरून एका खेपेस सुमारे पाऊण तास जातो. प्रत्येक खेपेस रंग बदलणारी पट्टी आत ठेवावी व वहीत चिकटवावी, असा नियम.

वही पाहिली. बुधवारीच शनिवारपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या! पट्ट्यांचा डबा तर फोडलेलाही नव्हता.

माझी जीभ पुन्हा अडखळली. डॉक्टर एक पैसा न घेता येतात. त्यांना कसे बोलावे? पण अब्बांचा सुजलेला चेहरा आठवला, आणि मी विचारले. डॉक्टर क्षणभर दुखावले. मग त्यांनी मदतनिसास बोलावले. तो पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, हत्यारांचे संच चार, आणि बाहेर तीस टोकन. मी काय करू?"

बंधूंनो, हा हिशेब मी फळ्यावर मांडला असता तर सहावीच्या मुलानेही सोडविला असता. तीन तासांत चार खेपा, चार चोक सोळा. उरलेल्या चौदा माणसांच्या तोंडात काय जात होते? हा दोष त्या पोराचा नाही, एकट्या डॉक्टरांचाही नाही. तीस माणसे तपासली, असे अहवालात वाचून टाळ्या वाजविणाऱ्या आपणा सर्वांचा तो दोष आहे. त्या टाळ्यांत माझेही हात होते.

त्या दिवसापासून टोकन सोळाच दिले जातात. बाकीची माणसे परत जातात, कुरकुर करतात; त्यांतली काही यंत्रमागावरची रोजी बुडवून आलेली असतात. ते पाहवत नाही. म्हणून माझी विनंती आहे की या महोत्सवाच्या निधीतून आधी हत्यारांचे संच घ्यावेत, कमान व रोषणाई मागून करावी. जंतू खरोखर मेले की नाही हे सांगणारी बीजाणूंची चाचणी दर आठवड्यास व्हावी. वही दाराशी टांगावी, म्हणजे कोणालाही वाचता येईल. आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाने, "डॉक्टरसाहेब, हे पाकीट माझ्यासमोर फोडाल का?" असे विनयाने विचारावे. विचारणारा कृतघ्न ठरणार नाही, एवढे आश्वासन विश्वस्तांनी आज येथे द्यावे.

दान घेणाऱ्याची मान खाली असते. म्हणून देणाऱ्याने आपली नजर अधिक जागी ठेवली पाहिजे.