सासूचा डोळा

(मांजरसुंबा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

सकाळी आपल्यासमोर एक तंटा आला. सून म्हणाली, "माझी सासू म्हणजे निव्वळ ललिता पवार!" आपण सगळ्या हसलो. कोपऱ्यात बसलेली सासू तेवढी हसली नाही. हसून झाल्यावर मला माझीच लाज वाटली. कारण हुंड्यावरच्या पथनाट्यात कित्येक वर्षं सासूचं काम मीच करायचे, तेही एक डोळा बारीक करून. बाया लगेच ओळखायच्या. तो डोळा तसा का झाला होता, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. आज तेच सांगायचं आहे.

ललिताबाईंचा जन्म १९१६ सालचा, येवल्याचा. मूळ नाव अंबिका. घर सधन व्यापाऱ्याचं. तो काळ आठवा. १९१३ साली फाळक्यांना तारामतीच्या कामाला बाई मिळाली नव्हती, पुरुषालाच लुगडं नेसवावं लागलं होतं. त्यानंतर थोड्याच वर्षांत ही मुलगी लहान वयात मूकपटात उतरली. १९३२ साली 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा होता. पुढं टॉल्स्टॉयच्या कादंबरीवर तिनं 'दुनिया क्या है' काढला. नायिका होती, गात होती, स्वतः निर्माती होती.

१९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकारानं थोबाडीत मारायची होती. ती फारच जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डोळ्याला इजा झाली. उपचार दीर्घकाळ चालले, पण डावा डोळा बारीकच राहिला. सव्वीस वर्षांच्या बाईचं नायिकापण संपलं.

हा अपघात होता. पण कामावर झालेली इजा होती, हे आपण म्हटलं पाहिजे. दसरा झाला की तुमच्यातल्या कित्येकजणी ऊसतोडीला जातील. फडात कोयता लागला तर भरपाई कोण देतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

ललिताबाई घरी बसल्या नाहीत. दुय्यम भूमिका घेऊन परत उभ्या राहिल्या, हे त्यांचं मोठेपण. पण धंद्यानं काय केलं? ज्या डोळ्याला कामावर मार बसला, तोच डोळा दुष्टपणाची खूण म्हणून विकला. १९५० साली शांतारामबापूंच्या 'दहेज'मध्ये त्या हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाल्या. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेव्हा सत्तरीत मंथरा झाल्या. मंथरेचं कुबड, सासूचा डोळा. शरीरात व्यंग म्हणजे मनात पाप, ही शिकवण घराघरात पोचली. आपल्या अपंग मैत्रिणींना विचारा, ती त्यांना किती महाग पडते.

'दहेज' हुंड्याच्या विरोधातला चित्रपट, हुंडाबंदी कायद्याच्या अकरा वर्षं आधीचा. त्याचं मोल आहेच. पण थिएटरातून बाहेर पडणारा माणूस शिव्या कुणाला देतो? सासूला. हुंडा मागायची रीत, जमिनीचा सातबारा, घराची मालकी, गप्प बसलेले बापे, यांना कोण शिव्या देतं? 'बाईच बाईची वैरी' म्हटलं की सगळे सुटतात.

आणखी एक गंमत ऐका. १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला, घटस्फोटाचा हक्क मिळाला. त्याच साली आलेल्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये बायकांच्या हक्कांसाठी झगडणारी सीतादेवी आहे. चित्रपट तिला हास्यास्पद आणि कठोर दाखवतो. काम कुणाचं? ललिताबाईंचं! म्हणजे सासू असो की तुमच्या-माझ्यासारखी कार्यकर्ती, साचा एकच.

पण त्याच साली 'श्री ४२०'मध्ये त्या मायाळू केळेवाली होत्या. १९५९च्या 'अनाडी'त वरून फटकळ, आतून आईसारखी घरमालकीण मिसेस डिसा. त्या कामाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनं गौरवलं. चेहरा तोच, डोळा तोच. गोष्ट बदलली की तोच डोळा मायेचा झाला.

२४ फेब्रुवारी १९९८ला पुण्यात त्या गेल्या. नाव मात्र शिवी होऊन मागं राहिलं.

आता सकाळच्या तंट्याकडे येऊ. सुनेला त्रास झाला असेल, तर सासूनं दिला म्हणून तो लहान होत नाही. १९८३ साली ४९८-अ आलं, २०२४पासून तेच न्याय संहितेत कलम ८५ आहे. गरज पडली तर ते वापरू, मागं हटणार नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मी त्या सासूजवळ बसले. विचारलं, घर कुणाच्या नावावर? म्हणाली, "आधी सासऱ्याच्या, मग मालकाच्या, आता पोराच्या." लग्नाला तीस वर्षं झाली, तिच्या नावावर एक पत्रासुद्धा नाही. मग मी सुनेला तोच प्रश्न विचारला. ती सासूकडे बघायला लागली.

दुपारी पुन्हा बसू, तेव्हा नवऱ्यालाही बोलवायचं आहे. आणि पथनाट्यात यापुढं कुणी डोळा बारीक करायचा नाही. मीही करणार नाही.