साध्या कपड्यातला पोलीस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनी शिवण, आहार, मुलांचे संगोपन यांवर भाषणे होतात. यंदा मला "पोलीस" हा विषय दिला, तेव्हा काहीजणी पदराआड हसल्या. परंतु विषय आपल्या दाराशी आलेला आहे. साध्या कपड्यातली दोन माणसे रस्त्यात वयस्क बाईला अडवतात. "आम्ही पोलीस आहोत, पुढे गडबड झाली आहे, दागिने काढून कागदात बांधा," असे सांगतात. स्वतःच पुडी बांधून देतात आणि घरी येऊन पाहावे तर आत खडे! मुंबई-पुण्याकडे असे प्रकार पुन्हा पुन्हा घडले आहेत. त्यात एखाद्याने सदरा वर करून कंबरेचे पिस्तूल दाखवले, तर कोणत्या बाईचा धीर टिकेल?

मग साध्या कपड्यातल्या माणसाला पोलीस मानावे की मानू नये? मी काही वकील नाही. पण कायद्यात काय लिहिले आहे ते समजून घेतले आहे, तेच सांगते.

आपल्या राज्यात १९५१ सालचा मुंबई पोलीस अधिनियम आहे. आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याचे २८ वे कलम सांगते की, रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस हा सदैव कामावर आहे असे मानावे. पाळी संपली, वर्दी खुंटीला लावली, भाजीची पिशवी घेऊन तो बाजारात निघाला, तरी त्याचे कर्तव्य सुटत नाही. आपण बायकांना हे कळायला वेळ लागणार नाही. घास तोंडाशी नेला आणि पाळण्यातले मूल रडले, तर "माझी जेवणाची वेळ आहे" असे कोणती आई म्हणते? आपल्या मंडळातल्या ज्या भगिनींचे यजमान पोलिसात आहेत, त्यांनी सणावाराला वाढलेले ताट तसेच झाकून ठेवलेले आहे. त्यांना मी निराळे काय सांगणार?

रजेवरचा पोलीस सदैव कामावर आहे, असे हे कलम मानत नाही. तरी डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला, तर गुन्हेगाराला धरण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला आहे, म्हणजे तुम्हा-आम्हालाही. मात्र त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. निलंबित पोलिसाचे खास अधिकार मात्र निलंबन असेपर्यंत थांबलेले असतात.

आता पिस्तुलाची गोष्ट. अधिकार आणि हत्यार या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे नीट ध्यानात घ्या. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून कोणालाही बंदूक-पिस्तूल बाळगता येत नाही. सरकारी नोकराला यातून सूट आहे, पण ती त्याचे काम करीत असताना. सरकारी पिस्तूल नोंद करून मिळते, गोळ्यांचाही हिशेब द्यावा लागतो. पोलिसाला स्वतःचे खासगी पिस्तूल हवे असेल, तर त्यालाही परवाना काढावा लागतो. लग्नाच्या वरातीत हौसेने हवेत गोळ्या झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही ठेवले आहे.

अमेरिकेची तऱ्हा निराळी आहे. तिथे २००४ साली एक कायदा झाला. त्याने पात्र पोलिसाला कामावर नसतानाही दुसऱ्या राज्यात पिस्तूल कपड्याआड बाळगण्याची मुभा दिली. पण अट अशी की, खात्याचे छायाचित्रासह ओळखपत्र जवळ हवे आणि तो दारूच्या अमलाखाली नसावा. शिवाय त्या कायद्याने दुसऱ्या राज्यात अटक करण्याचा अधिकार मिळत नाही. म्हणजे तिथेसुद्धा पिस्तूल जवळ आहे म्हणून माणूस अधिकारी ठरत नाही.

आपल्याला याचा दाखला दूर शोधायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठीच होती. त्यांनी समोरच्या अतिरेक्याची बंदूक छातीशी धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, आणि तो जिवंत पकडला गेला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पोलिसाचे मोठेपण कशात असते, ते यावरून दिसते.

तेव्हा भगिनींनो, साध्या कपड्यातल्या पोलिसाचा अपमान करू नका, पण त्याला ओळखपत्र जरूर विचारा. खऱ्या पोलिसाला त्याचा राग येण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या कायद्यातही अटक करणाऱ्याचे नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख अंगावर हवी, असे सांगितले आहे. अटकेचा कागद करावा लागतो व त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते. स्त्रीला साक्षीसाठी विचारपूस करायची, तर ती राहत्या घरी करावी लागते, चौकीवर येण्याची सक्ती करता येत नाही. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत स्त्रीला अटक करू नये. तशीच अपवादाची वेळ आली, तर स्त्री अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते. आणि तोतया पोलिसाला त्याच दिवशी लागू झालेल्या दुसऱ्या नव्या कायद्याने कमीत कमी सहा महिने व जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आहे.

दागिने उतरवून माझ्याजवळ द्या, असे कोणी सांगितले की तिथेच शेजारणीला हाक मारा आणि ११२ क्रमांकावर फोन करा. घरच्या म्हाताऱ्या सासूबाईंना, आईला हे आजच सांगा. कारण हे चोर एकट्यादुकट्या वृद्ध बाईलाच गाठतात. आळीतल्या चार बायका एकमेकींच्या हाकेला धावल्या, तर तोतयाचे पाय तिथे ठरणार नाहीत आणि खऱ्या पोलिसालाही आपली मदत होईल.



जय हिंद!