आरतीच्या साथीविषयी



दिल्लीत वाढलेली मुले आरतीला कीबोर्डवर कॉर्ड लावू लागली, तेव्हा आम्हां ज्येष्ठांच्या कपाळी आठ्या पडल्या. (पेटीवरही ऑल इंडिया रेडिओने १९४० साली बंदी घातली होतीच!) वस्तुतः भातखंड्यांचा बिलावल थाट आणि पाश्चात्त्यांचे मेजर सप्तक एकच. त्यांतले एकाआड एक तीन स्वर एकदम वाजविले की कॉर्ड होते. सा, म, प यांवर मेजर. रे, ग, ध यांवर मायनर. एकट्या नीवर डिमिनिश्ड. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजाव्यात: मधला स्वर चौथ्या पट्टीवर आला तर मेजर, तिसऱ्या पट्टीवर आला तर मायनर. मुले वहीत १-४-५-१ लिहितात, म्हणजे सा-म-प-सा. पवरून सावर परतताना नीची ओढ आमच्याही कानांना उमगली. मात्र मारव्यात पंचम वर्ज्य. तेथे सा-ग-प आम्हांस मान्य नाही. तेथे निषादात मिळविलेला तंबोराच पुरे.