दूरच्या ग्रहावरील हवा

भाद्रपदांत पावसानें उघडीप दिली म्हणजे जळगांव-धुळ्याच्या गच्चीवरून रात्रीं वर पाहावें. आकाशगंगेच्या पात्रांत पंख पसरलेला हंस डोक्यापासून किंचित् उत्तरेस दिसतो. याच हंसांत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, सुमारें १२० प्रकाशवर्षें दूर असा एक तारा आहे. त्याच्याभोंवतीं नेपच्यूनएवढा एक ग्रह पांच दिवसांच्या आंत फेरी पुरी करतो. २००९ सालीं त्याचा शोध जाहीर झाला. नांव पडलें हॅट-पी-११ बी. तेथें कोणी गेलेलें नाहीं. तरी त्याच्या हवेंत काय आहे हें सांगतां येतें. तें कसें?

वैशाखांत तापीकांठीं मावळता सूर्य तांबडा दिसतो. कारण त्याच्या किरणांतील निळा भाग हवेनें व धुळीनें वाटेंतच उधळून टाकलेला असतो. प्रकाश कशांतून आला, हें तो प्रकाशच सांगतो. वायूंची रीत याहून नेमकी आहे. प्रत्येक वायु आपापले ठरलेले रंगच शोषतो आणि वर्णपटांत त्या जागीं काळी रेघ उमटते. हा ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हां ताऱ्याचा प्रकाश हजारांत सुमारें साडेतीन भागांनीं मंदावतो. आणि ग्रहाच्या कडेच्या हवेंतून गाळून आलेल्या किरणांत तेथील वायूंच्या रेघा उमटतात. या रीतीनें २०१४ सालीं तेथें पाण्याची वाफ आढळली, व २०१८ सालीं हेलियम. हा हेलियम स्पेनमधील दुर्बिणीलाही दिसला आणि अवकाशांतील हबल दुर्बिणीलाही.

या हेलियमची कथा बोधप्रद आहे. १८६८ च्या ऑगस्टांत हिंदुस्थानांतून दिसलेल्या खग्रास ग्रहणांत, व पुढें इंग्लंडांत लॉकियर यांच्या निरीक्षणांत, सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटांत एक पिवळी रेघ आढळली. ज्ञात असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशीं ती जुळेना. १८९५ सालीं रॅम्से यांना तोच वायु पृथ्वीवरील एका खनिजांत सांपडला, तेव्हां शंका फिटली. मध्यें २७ वर्षें गेलीं.

आतां महाराष्ट्रांतील गोष्ट. नारायणगांवजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची विशाल रेडिओ दुर्बीण आहे. १६ जुलै २००९ रोजीं तिनें याच ग्रहाकडे कान लावला. ग्रहास चुंबकत्व असल्यास त्याच्याकडून रेडिओलहरी निघूं शकतात. एक अतिक्षीण लहर आली, आणि ग्रह ताऱ्याआड गेला तेव्हां ती थांबल्यासारखी दिसली. केवढा आनंद झाला असेल! परंतु १७ नोव्हेंबर २०१० रोजीं तितक्याच बारकाईनें पुन्हां ऐकलें, तेव्हां कांहींच मिळालें नाहीं. फ्रेंच व भारतीय संशोधकांनीं २०१३ सालीं दोन्ही वेळांचा हिशेब जसाच्या तसा प्रसिद्ध केला, आणि मथळ्यांत ‘चाहूल’ एवढाच दावा केला.

दूरच्या ग्रहावर सजीवांच्या खुणा सांपडल्याच्या वार्ता हल्लीं वारंवार येतात. घरांतील मुलें विचारतात, “हें खरें का?” वडील माणसांनीं त्यांना उलट दोन प्रश्न शिकवावे: तें दुसऱ्या वेळीं दिसलें का? दुसऱ्या दुर्बिणीला दिसलें का? सूर्यावरच्या पिवळ्या रेघेनें २७ वर्षें वाट पाहिली. खोडदच्या चाहुलीलाही वाट पाहूं द्यावी.